पाचवा बचाव

ट्रामच्या थांब्यावर भिंती रंगवणारा एक माणूस लांब दांड्याचा ब्रश खांद्यावर टाकून उभा होता. मागून कुणीतरी हाक मारली म्हणून तो गर्रकन वळला आणि दांड्याचं मागचं टोक हालमाजी वेंडेलच्या डोक्याकडे निघालं. वेंडेलला ते अगदी नीट दिसलं. टोकावर वाळलेला पिवळा रंग दिसला, त्या रंगात अडकलेला एक केस दिसला, दांडा हवेत काढत असलेला अर्धगोलही दिसला. मग टोपी उडाली. टोपी रुळांशेजारी जाऊन पडली आणि ती पडल्यावर त्याचा उजवा हात वर गेला. कोपर बाहेर, मूठ कपाळाच्या वर आणि जराशी पुढे, मुठीतून निघालेलं आडवं पातं जणू डोक्यावर धरलेलं. हाताची जागा बरोबर होती, कोनही बरोबर होता. फक्त डोक्याला लागून गेलेलं होतं.

रंगाऱ्याला वाटलं, म्हातारा मारायला हात उगारतोय. तो मागे सरकला. "चुकून झालं हो, बाची. मारू नका." थांब्यावरच्या बायका हसल्या. कुणाही म्हाताऱ्याला बाची म्हणायची तिथली रीत. पण आज तो शब्द वेंडेलला जरा जड वाटला. आपण मारत नव्हतो, असं तो म्हणाला. "मग काय करत होता?" रंगाऱ्याने टोपी उचलली, मांडीवर झटकली आणि पुढे केली. वेंडेलचा हात अजून वरच होता. तेवढ्यात ट्राम आली.

ट्राममध्ये एका पोराने उठून जागा दिली. हल्ली देतात. टोपी मांडीवर ठेवून तो तिच्यावरचा पोचा अंगठ्याने दाबत बसला. तलवारबाजीतला पाचवा बचाव म्हणजे डोक्याचं छप्पर. सेबर ही घोडेस्वारांची तलवार. घोड्यावरच्या माणसाच्या पायांवर वार करायचा नाही, कमरेच्या वर जे आहे तेवढंच खेळातलं, आणि त्यातही डोकं सगळ्यात मोलाचं. लहानपणी आब्रिश मास्तर सांगायचे, बिनछपराच्या घरात राहायचं नाही; आणि हे सांगता सांगता हातातली काठी न सांगता डोक्यावर आणायचे. ती काठी कितीदा तरी लागली, आणि मग एके दिवशी लागायची थांबली. त्यानंतर आजवर त्या हाताला वेंडेलने काही सांगितलं नव्हतं. हात आपला आपण जायचा. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार वाऱ्याने उघडलं, सिनेमाच्या दारात कुणी छत्री मिटली, तरी तो जायचा. एतेल्काशी लग्न झालं तेव्हा पहिल्या आठवड्यात तिने त्याच्या केसातला धागा काढायला हात पुढे केला आणि तिच्या मनगटाला असा फटका बसला की ती म्हणाली, मी माणसाशी लग्न केलंय की फाटकाशी? पण परवा तिच्याच हातून वाडगं निसटलं तेव्हा वेंडेलचा हात पुढे झाला तो तुकड्यांवर. ती केरसुणी आणायला जाता जाता म्हणाली, "तुझं डोकं राहतं वरच्या मजल्यावर नि हात तळमजल्यावर. मधला जिना वाढलाय." दोघं हसले होते. आता ट्राममध्ये ते हसू त्याला आठवलं आणि त्यातलं आपलं हसू जरा मोठं होतं, असं वाटलं.

तलवारबाजीच्या तळघरात बोरोका वाट बघत असणार. त्याच्याकडे शिकणारी ती एकटीच उरली होती. बाकीची पोरं एकेक करून त्याच तळघरातल्या गाश्पारच्या मोठ्या दालनात गेली. कुणाला शाळेची वेळ जमेना, कुणाला तिकडे मित्र होते. कारणं सगळी सभ्य होती. गाश्पार त्याचाच विद्यार्थी. तो अजून त्याला मास्तर म्हणतो, आणि दारात भेटला की बाजूला होऊन आधी वाट देतो. बोरोका मात्र गेली नाही. शेंबूड पुसत आली तेव्हा तलवार तिच्या खांद्याइतकी उंच होती. आता ती तेरा वर्षांची आहे आणि पंधरवड्यावर तिच्या वयाच्या मुलींची निवड स्पर्धा आहे. संघात घेतली तर पुढची सगळी दारं उघडी, नाही घेतली तर शिक्षण आहेच. गेल्या महिन्यातल्या स्पर्धेत ती तिच्याहून मंद मुलीकडून हरली. वार दिसत होते, जागा दिसत होती, पण पातं पोचेपर्यंत समोरचीचं छप्पर उभं. घाबरली असेल, असं वेंडेलने तिच्या आईला सांगितलं होतं. आईने मान डोलावली होती. आया वेंडेलसमोर नेहमी मान डोलावतात.

मुलांना शिकवणं म्हणजे काय, असं त्याला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, वेळेवर हरणं. मास्तर अंगात जाड चामड्याचा अंगरखा घालतो, हाताला चामड्याची बाही चढवतो आणि तासभर मार खातो. पण तो मार कसाही खायचा नसतो. मुलाने हूल दिली तर हुलीला फसायचं. हूल कच्ची असेल तर नाही फसायचं. मुलाचा पाय वेळेवर पडला तर आपला हात एक केसभर उशिरा न्यायचा, म्हणजे पातं आपल्या मुठीला घासून डोक्यावर पोचतं आणि मुलाच्या अंगाला कळतं की हीच ती वेळ. तो केसभर उशीर मुलाला दिसता कामा नये. खोटा आहे असं कळलं की मूल शिकत नाही, लाडावतं. हा उशीर द्यायला वेंडेलला आयुष्य लागलं होतं आणि त्याला त्याचा गर्व होता. खेळात त्याला सोन्याचं काही मिळालं नाही. देशासाठी खेळला तो बहुतेक राखीव म्हणून. इतरांच्या तलवारी वाहिल्या, परदेशातल्या हॉटेलांत इतरांच्या गुडघ्यांना मलम चोळलं. एतेल्का त्याच्या विजारी शिवताना उजव्या मांडीला नेहमी जास्त कापड सोडायची. झेप घेऊन घेऊन ती मांडी डावीपेक्षा जाड झाली होती. "उजव्या पायाचं लग्न झालंय," ती म्हणायची, "डावा अजून बिनलग्नाचा." एवढंच काय ते अंगावर उरलं होतं. पण उशीर देण्यात त्याच्याइतका हात शहरात कुणाचा नव्हता, हे गाश्पारही कबूल करायचा. आता पूल मागे पडला, ट्राम वळली आणि टोपीचा पोचा दाबणारा वेंडेलचा अंगठा थांबला. जो उशीर आपण देतो आहोत असं समजत होतो, तो कधीपासून आपला आपण होतो आहे?

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दिलेला उशीर आणि झालेला उशीर. पातं मुठीला घासून डोक्यावर येतं, मास्तर शाबास म्हणतो. फरक मास्तरलाच कळायचा आणि त्यालाही नाही कळला तर कुणाला कळणार, असं म्हणेपर्यंत त्याला उत्तर ठाऊक झालं होतं. समोरच्याला कळतं. वेंडेलला स्वतःला कळलं होतं.

तेव्हा तो वीस-बावीसचा होता. दालनात कोळशाची एक शेगडी असायची आणि कोळसा नसायचा. अंगरख्याखाली वर्तमानपत्र घालून सगळे खेळायचे, त्यामुळे झेप घेतली की कागद कुरकुरायचा. आब्रिश मास्तर उंच, वाळके, मिशांना मेण लावणारे. युद्धात सगळं गेलं तरी ती मेणाची डबी त्यांनी कुठून तरी राखली होती. एका संध्याकाळी वेंडेलने डोक्यावर वार केला आणि तो लागला. साधाच वार, हूल नाही, काही नाही. असा वार मास्तरांना कधी लागायचा नाही. मुखवट्याच्या जाळीमागे मास्तरांचे डोळे एकदा मिटले आणि उघडले, आणि मग हात वर आला. डोळे मिटणं आणि हात येणं यांच्या मधलं ते अंतर वेंडेलला अजून आठवतं. एखाद्या घरात आपण चुकून शिरावं आणि आत कुणीतरी कपडे बदलत असावं तसं त्याला झालं होतं. मास्तर म्हणाले, पुन्हा. पुन्हा करताना वेंडेलचं पातं मास्तरांच्या डोक्यावर आलं आणि थांबलं. थांबलं म्हणजे काय, डोळ्याची पापणी लवेल इतकं. तेवढ्यात मास्तरांचा हात वर आला, पोलादावर पोलाद वाजलं आणि मास्तर खूश झाले. "आज हात जागेवर आहे," ते म्हणाले. कुणाचा, ते म्हणाले नाहीत. वेंडेलला त्या रात्री फार चांगलं वाटलं होतं. म्हाताऱ्या माणसाला जिन्यात वाट देताना वाटतं तसं.

दोन हिवाळे तो वाट देत राहिला. कुणाला कळलं नाही, त्याच्याही लक्षात राहिलं नाही. ते त्याच्या हातात गेलं आणि तिथेच राहिलं. मग संघ निवडायची लढत आली. दोघांचे चार-चार वार झाले होते आणि पाचवा वार जो लावेल तो संघात जाईल. तेव्हा वार लागला की दिवा पेटवणारी यंत्रं नव्हती. चार पंच चार कोपऱ्यांत उभे राहून डोळे फाडून बघायचे आणि तरी त्यांना दिसायचं नाही, म्हणून आब्रिश मास्तरांच्या शाळेत एक रीत होती. लागलेला वार आपला आपण कबूल करायचा. पंचांनी विचारायच्या आधी मोकळा हात वर करायचा आणि म्हणायचं, लागला. पलीकडच्या खेळाडूने वेंडेलच्या हुलीवर छातीकडे बचाव नेला आणि त्याचं डोकं रिकामं झालं. टेबलावरच्या ताटलीसारखं रिकामं. वेंडेलचा पाय पडला, पातं वर गेलं, आणि तिथे, त्या रिकाम्या डोक्याच्या वर, ते पापणीभर थांबलं. ज्याला वाट द्यायची तो म्हातारा तिथे नव्हता. पण हाताला कुणी ते सांगितलं नव्हतं. समोरच्याचा बचाव आला, उलटा वार आला, तो गालाला इतका हलका लागला की चारांतले तीन पंच एकमेकांकडे बघत राहिले. वेंडेलने डावा हात वर केला आणि म्हणाला, लागला. कबुलीला मात्र उशीर झाला नाही.

परतताना आब्रिश मास्तरांनी विचारलं, काय झालं रे? वेंडेल म्हणाला, घाई झाली. दुसरं काय सांगणार. मग त्या सबंध वर्षात मास्तरांनी त्याची घाई काढली. हळू, हळू, असं म्हणत त्याचा तो आधीच थांबलेला हात आणखी थांबवला आणि वेंडेलने तेही करू दिलं. पुढे मास्तर गेले. इतक्या वर्षांत वेंडेलने हे कधी मनात उलटंपालटं केलं नव्हतं असं नाही. पण नेहमी तो स्वतःकडून बघायचा, तरण्या पोराच्या जागेवरून, आणि तिथून ते सगळं करुण आणि जरासं सुंदर दिसायचं. आज ट्राममध्ये टोपी मांडीवर घेऊन तो पहिल्यांदा दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. मास्तरांच्या जाळीमागे. तिथून दिसत होतं की पातं येतंय, डोक्यावर येतंय, आणि थांबतंय. पातं थांबलेलं ज्याच्या डोक्यावर असतं त्याला ते दिसत नाही, असं कसं होईल? त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मग बोलले का नाहीत? त्याला राग आला, इतक्या जुन्या गोष्टीचा इतका ताजा राग, की शेजारच्या बाईने त्याच्याकडे पाहिलं. आणि रागाच्या पाठोपाठ उत्तर आलं, कारण ते बाहेरून आणावं लागलंच नाही. गोड लागतं म्हणून. आपला हात अजून वेळेवर पोचतो हे संध्याकाळी तासभर खरं वाटावं, यासारखं गोड दुसरं काही नाही. गेले कित्येक महिने बोरोकाचा वार लोण्यासारखा मऊ येत होता आणि तो एतेल्काला सांगायचा, पोरीचा हात काय हलका झालाय.

तळघराच्या जिन्यात रबराचा, घामाचा आणि गंजाचा वास होता. तो वास आला की एरवी त्याचे खांदे आपोआप सरळ व्हायचे. गाश्पारच्या दालनातून पायांचे आवाज येत होते. छोट्या खोलीत बोरोका बाकावर बसून आजीने भाजलेले पोगाचा, म्हणजे छोटे खारे पाव, खात होती. तिने पुडी पुढे केली आणि विचारलं, टोपीला काय झालं? एका माणसाने रंगवायला घेतली होती, असं वेंडेल म्हणाला. ती हसली, तिच्या दाताला खसखस लागली होती. तिचा तो चेहरा बघून त्याला वाटलं, आज नको. पंधरवडाच तर आहे. स्पर्धा झाल्यावर बघू. मग त्याला वाटलं, आब्रिश मास्तरांनाही रोज असंच वाटत असणार, आणि तो अंगरखा घालायला लागला.

दोघांनी सलामी दिली. नेहमीप्रमाणे तिने आधी. त्याने चार पावलं पुढे-मागे करून तिला गरम केलं, मग म्हणाला, हूल नको, सरळ डोक्यावर ये. ती आली. पाय छान पडला, हात लांब झाला, पातं वर आलं. वेंडेलने हात वर नेला नाही. उजवी मूठ मांडीशी तशीच ठेवली आणि जाळीतून बघत राहिला. पातं त्याच्या डोक्याच्या वर आलं आणि थांबलं. तिथे ते हवेत होतं, टोकाशी किंचित थरथरत, आणि ते इतका वेळ थांबलं की त्याला त्या पात्यावरचे ओरखडे दिसले. मग, आता काही इलाज नाही म्हणून, ते अलगद खाली आलं आणि जाळीला टेकलं.

"कुणाची वाट बघत होतीस?" त्याने विचारलं.

कुणाची नाही, असं ती म्हणाली. त्याने मुखवटा काढला आणि पुन्हा तेच विचारलं. तिनेही काढला. केस कपाळाला चिकटले होते. ती जमिनीवरच्या खेळाच्या पट्टीकडे बघत राहिली. मला बरं वाटावं म्हणून वाट बघत होतीस का, असं त्याने जमेल तितक्या मऊपणे विचारलं, आणि तिने नकारार्थी मान हलवली. पण ती मान हलवून थांबली नाही. खोटं बोलायला त्याने तिला शिकवलंच नव्हतं.

"तुम्हाला उशीर झाला की तुम्ही शाबास जोरात म्हणता," ती म्हणाली. "वेळेवर आलात तर हळू म्हणता. जोरात म्हटलेलं मला आवडत नाही."

वेंडेल बाकावर बसला. पोगाच्याची पुडी मांडीला लागली, ती त्याने बाजूला सरकवली. म्हणजे आब्रिश मास्तरही जोरात म्हणत असतील. आज हात जागेवर आहे! तो आवाज त्याला आता ऐकू आला, दालनभर घुमणारा, आणि आपण तो आनंदाचा समजलो होतो. तो मुखवट्याची जाळी बाहीने पुसत बसला. पोरीला वाटलं आपण फार बोललो. ती म्हणाली, मला शिकवणी आवडते, इथे यायला आवडतं. तो म्हणाला, ते मला माहीत आहे. मग त्याने तिला सांगितलं की सोमवारपासून ती गाश्पारकडे जाईल. गाश्पारचा हात जलद आहे, त्याला वाट द्यावी लागत नाही. आणि दिली तर तो डोकं फोडेल.

"मग तुमच्याकडे कोण येणार?"

ते माझं मी बघेन, असं तो म्हणाला. तिचे डोळे भरले आणि ती रागावली. त्या वयात दोन्ही एकदमच होतं. ती नाही जाणार म्हणाली. त्याने तिला उभं केलं, दोघांनी मुखवटे चढवले. जायच्या आधी एक काम राहिलंय, डोक्यावर एक वार, न थांबता. हात वर येणार नाही, उशिराही नाही आणि वेळेवरही नाही. डोकं रिकामं आहे, घे.

ती आली आणि थांबली. हाताने ऐकलं नाही. पुन्हा आली, पुन्हा थांबली. या वेळी तिलाच ते कळलं आणि मुखवटा वर सारून तिने ओठ चावला. वेंडेलला तिच्या हाताची इतकी कीव आली, त्याच्या स्वतःच्या हातासारखाच शहाणा, मायाळू, वाया गेलेला तो हात, की त्याला वाटलं पुरे, गाश्पार बघून घेईल. पण गाश्पारच्या डोक्यावर ती मारेलच. गाश्पार म्हातारा नाही. जी गाठ म्हाताऱ्याच्या डोक्यावर पडली ती तिथेच सुटायला हवी.

"आजीला पीठ लाटायला मदत करतेस वाटतं," तो जाळीमागून म्हणाला. "हात अगदी तसाच आहे. संघात घेतील तुला. शेवया करायला."

"मुद्दाम बोलताय."

"मुद्दाम नाही. मी बावीस वर्षांचा असताना असाच लाटत होतो. तेव्हापासून राखीव आहे."

तिने मुखवटा खाली ओढला. पुढे काय झालं ते त्याला दिसलं नाही. पाय दिसला नाही, पातं दिसलं नाही, ओरखडे तर नाहीतच. फक्त डोक्यावर पोलादाचा एक कडाका झाला, खोलीतल्या पाइपांपर्यंत गेला, आणि वेंडेलच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. दात एकमेकांवर आपटले. नाकात पाणी आलं. कवटीच्या वरच्या टोकापासून टाचेपर्यंत एक सरळ, स्वच्छ दुखणं उतरत गेलं, आणि कितीतरी वर्षांत त्याला इतकं जागं वाटलं नव्हतं. समोर बोरोका तलवार खाली सोडून उभी होती, आपल्याच हाताकडे बघत, जणू तो कुणीतरी आत्ताच तिला लावून दिला होता.

शेजारच्या दालनातले पाय थांबले. गाश्पार दारात आला. त्याच्या मागे दोन-तीन पोरं डोकावली. त्याला दिसलं ते एवढंच की मास्तर पट्टीच्या मधोमध मुखवटा घालून ताठ उभे आहेत, उजव्या हातातली तलवार मांडीशी आहे आणि डावा हात वर आहे, मोकळा, तळवा उघडा. ती जुनी रीत गाश्पारने लहानपणी पाहिली होती. यंत्रं आल्यापासून कुणी करत नव्हतं. तरी त्याने विचारलं, "काय झालं, मास्तर?"

"लागला," वेंडेल म्हणाला. अगदी हळू.